सरकारी आवारातली झाडे सांभाळायला गावातला माळी चालेल का? फलोत्पादन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
रोजगार हमी, फलोत्पादन व खारभूमी विकास,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय: सरकारी आवारांतील झाडे व बागा यांच्या निगराणीची कामे स्थानिक स्वयंरोजगारी माळ्यांना मिळण्याबाबत आणि या व्यवसायाची शासनदरबारी नोंद होण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात राहतो आणि गेली चौदा वर्षे लोकांच्या बागा सांभाळून पोट भरतो. मी जातीने माळी नाही. हे सांगण्याचे कारण एवढेच की, कोणत्याही अर्जात व्यवसायाच्या रकान्यात ‘माळी’ असे लिहिले की समोरचा कर्मचारी जातीचा दाखला मागतो, आणि ते माझ्या कामाचे नाव आहे हे त्याला पटवून देण्यात अर्धा दिवस जातो. शेवटी मी ‘बागकाम’ असे लिहू लागलो, तर आता ‘म्हणजे मजुरीच ना?’ असा प्रश्न येतो.

ही मजुरी नाही, व्यवसाय आहे. दर्यापूर, अंजनगाव आणि अकोट या तीन गावांत मिळून माझ्याकडे सव्वीस घरांच्या बागा, दोन मंगल कार्यालयांची लॉन, एका जिनिंगचे आवार आणि एक शाळा आहे. घरच्या बागेसाठी महिन्यातून दोन फेऱ्यांचे मी 600 रुपये घेतो. त्यात छाटणी, खुरपणी, आळे करणे, खत आणि लागलीच तर फवारणी येते. माझ्यासोबत गावातली दोन मुले असतात आणि त्यांची दिवसाची मजुरी त्याच दिवशी संध्याकाळी द्यावी लागते, मग गिऱ्हाईकाने पैसे दिलेले असोत की नसोत. मृगापासून दिवाळीपर्यंत हाताला उसंत नसते. लग्नसराईत मंगल कार्यालये तगादा लावतात, आणि ऐन उन्हाळ्यात, जेव्हा झाडाला माणसाची सर्वांत जास्त गरज असते, तेव्हा गिऱ्हाईक गावाला जाते आणि ‘दोन महिने येऊ नका’ असे सांगून जाते. जूनमध्ये परत आल्यावर मोगरा का वाळला हे मात्र मलाच विचारले जाते.

आपल्या खात्याच्या नावात खारभूमी आहे. ती कोकणातली, समुद्राच्या भरतीची. आमच्याकडे समुद्र नाही, पण पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंनी अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आहे, जिथे बोअरचे पाणी तोंडात घेता येत नाही आणि झाडालाही ते सोसत नाही. या पट्ट्यात बाग सांभाळणे म्हणजे काय, हे एका कुंडीवरून सांगतो. मागच्या वर्षी एका शिक्षकांच्या घरी जास्वंदाची पाने कडेने करपू लागली. त्यांना वाटले रोग आहे, म्हणून त्यांनी दुकानातून दोन औषधे आणून मारली. मी कुंडीची वरची माती बोटाने खरवडली, तर खाली पापडासारखा पांढरा थर होता. विचारल्यावर कळले की पाणी वाया जाऊ नये म्हणून घरातल्या आरओ यंत्राचे टाकाऊ पाणी ते रोज कुंड्यांना घालत होते, म्हणजे बोअरच्या पाण्यातले मीठ आणखी घट्ट करून झाडाला पाजत होते. मी ती कुंडी उपसून धुतली, माती बदलली, वर सोयाबीनच्या कुटाराचा जाड थर दिला आणि एसीचे पाणी बादलीत धरून तेच घालायला सांगितले. श्रावणात तिला फुले आली. हे ज्ञान पुस्तकातून आलेले नाही; किती झाडे मारली तेव्हा ते आले, हे मला ठाऊक आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. राज्याने 2016 मध्ये 2 कोटी, 2017 मध्ये 4 कोटी, 2018 मध्ये 13 कोटी आणि 2019 मध्ये 33 कोटी रोपे लावण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. त्यानंतर 2020 पासून ‘माझी वसुंधरा’ अभियान आले आणि हिरवाईसाठी ग्रामपंचायतींना गुण मिळू लागले. या मोहिमांची मी थट्टा करणार नाही, कारण आमच्या भागात रस्त्याच्या कडेला आज जी थोडी सावली आहे, ती अशाच लागवडींतून उरलेली आहे. परंतु लावणे हे एका दिवसाचे काम आहे आणि त्याचा फोटो निघतो. जगवण्याला तीन उन्हाळे लागतात, आणि त्या तीन उन्हाळ्यांचा माणूस कोण, हे कोणत्याही कागदावर नीट लिहिलेले नसते.

चार वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयाच्या आवारात 120 झाडे लावण्याचे आणि वर्षभर सांभाळण्याचे काम जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका ठेकेदाराला मिळाले. खड्डे आणि लागवड त्याने माझ्याकडे दिली. झाडे ट्रकने आली, आंध्रातल्या कडियमच्या रोपवाटिकांतून येतात तशी, पुरुषभर उंच, देखणी, लाल मातीच्या घट्ट गोळ्यात बांधलेली. आमची जमीन काळी, भारी. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात मूठ आत जाईल एवढ्या भेगा टाकते. तो लाल गोळा न फोडता तसाच पुरला, तर मुळ्या गोळ्यातच फिरत राहतात, काळ्या मातीत शिरत नाहीत. आणि मार्चपासून काळी माती आकसू लागली की गोळ्याभोवती पोकळी पडून झाड जणू खड्ड्यातल्या कुंडीत उभे राहते. वरून पाणी घातले तर ते त्या पोकळीतून खाली निघून जाते. मी ठेकेदाराला म्हटले की गोळे कडेने फोडून, शेणखत आणि काळी माती मिसळून लावू, दोन दिवस जास्त लागतील. तो म्हणाला, “भाऊ, फोटो झाले की बिल निघते, तुम्ही लावून टाका.” मी लावून टाकली. यात माझाही दोष आहे, तो मी नाकारत नाही.

वर्षभराच्या देखभालीची रक्कम त्याच ठेक्यात होती. ती माझ्यापर्यंत आली नाही; कार्यालयाच्या चौकीदाराला महिन्याला 500 रुपये देऊन पाणी घालायला सांगितले गेले आणि पाणी होते बोअरचे. दुसऱ्या वर्षीचा नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपला तेव्हा मी मुद्दाम जाऊन मोजले. 31 झाडे जिवंत होती आणि त्यांतली 24 ही मी स्वतःच्या रोपवाटिकेतून तुटीच्या जागी आणून लावलेली कडुनिंब आणि करंजाची हातभर रोपे होती. माझ्या 18,000 रुपयांपैकी 7,000 अजून यायचे आहेत, पण ते असो.

पुढच्या वेळी असे काम मी स्वतः का घेतले नाही, असे आपण विचाराल. मी प्रयत्न केला. निविदेत मागील तीन वर्षांची उलाढाल, जीएसटी क्रमांक, तशाच कामाचे सरकारी प्रमाणपत्र आणि अनामत रक्कम मागितली होती. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही, आणि माझी उलाढाल त्याच्या पाव हिश्श्याचीही नाही. म्हणजे कायदा मला जी नोंदणी करायला लावत नाही, तीच नसल्यामुळे मी अपात्र ठरतो. सरकारी कामाचे प्रमाणपत्र आधी सरकारी काम मिळाल्याशिवाय मिळत नाही, हे वेगळे सांगायला नको. त्यामुळे काम शहरातला ठेकेदार घेतो आणि तो शेवटी माझ्यासारख्यालाच बोलावतो, फक्त निम्म्या पैशांत आणि जगवण्याची जबाबदारी कोणावरच न ठेवता.

माझी विनंती अशी आहे की, शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रे, तहसील आणि पंचायत समितीची आवारे अशा ठिकाणच्या लागवडीत रोपांची खरेदी आणि निगराणी हे दोन भाग वेगळे करावेत. निगराणीचे काम एका आवारापुरते, तीन वर्षांसाठी, त्याच तालुक्यातल्या स्वयंरोजगारी माळ्याला किंवा बचत गटाला थेट द्यावे आणि पैसे दर तिमाहीला जिवंत झाडे मोजून द्यावेत. ही काही नवी कल्पना नाही. रोजगार हमीतून ग्रामपंचायतींनी ‘बिहार पॅटर्न’ने झाडे लावली, तेव्हा झाडांच्या गटामागे संगोपनाची मजुरी देण्याचे तत्त्व आपल्याच खात्याने स्वीकारलेले आहे. तेच तत्त्व कार्यालयांच्या आवारांना लावावे आणि तिथे जॉबकार्डाऐवजी कौशल्य पाहावे, एवढेच माझे म्हणणे आहे. मोजणीत झाड मेलेले निघाले तर माझे पैसे कापा, मला मान्य आहे. मात्र मग कोणते झाड, किती उंचीचे आणि कोणत्या महिन्यात लावायचे यात माझे ऐकले पाहिजे. कारण सात फुटी शोभेचे झाड आणून द्यायचे आणि ते खाऱ्या पाण्यावर जगव म्हणायचे, ही अट कोणताही शहाणा माणूस स्वीकारणार नाही.

दुसरी गोष्ट नोंदीची. केंद्र सरकारची ‘पीएम विश्वकर्मा’ योजना 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झाली. तिच्यात 18 व्यवसाय आहेत आणि त्यांत हार गुंफणारा मालाकार आहे. अवजारांसाठी 15,000 रुपये आणि पुढे 5 टक्के व्याजाने कर्ज अशी ती चांगली सोय आहे. त्या हारातले फूल ज्याने वाढवले, तो मात्र त्या यादीत नाही. राज्याच्या बांधकाम कामगार मंडळाच्या यादीत सार्वजनिक उद्यानांचे बांधकाम येते, पण बांधून झाल्यावर ती सांभाळणे येत नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत 2 लाखांपर्यंत मदत मिळते, परंतु त्यासाठी घरात कोणाच्या तरी नावे सातबारा लागतो. आमची दोन एकर जमीन वडिलांच्या आजारपणात गेली. लघुउद्योगांसाठीची केंद्राची उद्यम नोंदणी मी केली आहे. तिथे बागांच्या निगराणीला 81300 असा स्वतंत्र सांकेतांक आहे, म्हणजे देशाच्या वर्गीकरणात हा व्यवसाय अस्तित्वात आहे. पण तेच प्रमाणपत्र घेऊन मी ‘मुद्रा’ कर्ज योजनेच्या शिशू या सर्वांत लहान गटातले 50,000 रुपये मागायला एका बँकेत गेलो, तेव्हा ब्रश कटर आणि फवारणीचा बॅटरी पंप यांचे कोटेशन बाजूला ठेवून साहेबांनी विचारले, “सातबारा आहे का?” त्या गटाच्या कर्जाला तारण लागत नाही, हे त्यांना मी सांगणे बरे दिसले नसते. मी कोटेशन उचलून परत आलो.

मालाकारासोबत माळीकामाचाही ‘पीएम विश्वकर्मा’च्या यादीत समावेश व्हावा, अशी शिफारस राज्याने केंद्राकडे करावी. आणि राज्याच्या हातातले म्हणाल तर, उद्यम प्रमाणपत्रावर वरील सांकेतांक असलेल्या भूमिहीन माळ्याला अपघाताच्या मदतीत शेतकऱ्यासारखे धरावे. हे मी भावनेने लिहीत नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली. आमचा पंप तोच, दुकान तेच, औषधही पुष्कळदा तेच. फरक इतकाच की आम्ही ते माणसांच्या घराच्या खिडकीखाली मारतो. माझ्याकडच्या मुलांना मी निंबोळी अर्क आणि साबणाचे पाणी यापुढे सहसा जाऊ देत नाही, पण पिठ्या ढेकूण ही कीड दिसली की गिऱ्हाईकच स्वतःहून बाटली आणून हातात ठेवते. अकोल्यात 1969 पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. त्यांनी तालुक्याच्या गावी येऊन, पावसाळ्याआधी चार-पाच दिवसांचे वर्ग घेतले, त्यात औषधांची मात्रा, खारे पाणी आणि भारी जमीन एवढेच शिकवले आणि हजेरीचे प्रमाणपत्र दिले, तर निविदेतला कौशल्याचा पुरावाही त्यातूनच उभा राहील.

रोपवाटिकेबद्दल माझी तक्रार नाही. फळझाडांच्या रोपवाटिकेला 1969 च्या कायद्याने परवाना लागतो आणि तो लागायलाच हवा, कारण संत्र्याचे कलम खोटे निघाले हे शेतकऱ्याला कळेपर्यंत चार-पाच वर्षे गेलेली असतात. मी फळांची कलमे स्वतः बांधत नाही. कोणी मागितली तर वरुडकडच्या शेंदूरजना घाटच्या परवानाधारक रोपवाटिकेतून बिलासह आणून देतो. माझ्याकडे फक्त मोगरा, तगर, कण्हेर, कडुनिंब, करंज असे इथे टिकणारे काही आहे, पऱ्हाट्यांच्या आडोशाला, तीनेक हजार पिशव्या.

आमच्या तालुक्यात येत्या पावसाळ्यासाठी दोन सरकारी आवारांतल्या लागवडीच्या निविदा लवकरच निघतील असे कळते. त्यांच्या अटी अजून बदलता येतात. निगराणीचा भाग या दोन ठिकाणी तरी वेगळा काढून पाहावा, अशी विनंती आहे. खड्डे उन्हात तापू द्यायचे असतील तर ते नवतप्याआधी खोदलेले बरे, म्हणून निर्णय मेच्या मध्यापर्यंत झाला तर त्याचा या वर्षीच उपयोग होईल.

आपला नम्र,
बागकाम करणारा एक स्वयंरोजगारी,
तालुका दर्यापूर, जिल्हा अमरावती.