एकाच ओढीची दोन उत्तरं

सोलापूर

प्रिय सुन्या,

शेंगाचटणी पार्सलने टाकली आहे, पोहोचेल. आता तुझा प्रश्न. भूकवच ओढलं गेलं तर सगळे थर सारखेच ताणले जायला हवेत, असं तू म्हणतोस. नाही जात रे, आणि गंमत तिथेच आहे.

आपली कडक भाकरी मळलेल्या कणकेवर ठेव आणि दोन्ही एकदम ओढ. भाकरी काडकन मोडेल, कणीक मात्र लांबत पातळ होईल. जमिनीखाली हा फरक उष्णतेने पडतो. दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंश तापमान वाढतं. 300 अंशांच्या आसपास खडकातलं क्वार्ट्झ हे खनिज न तुटता वाहू लागतं, फेल्डस्पार या दुसऱ्या खनिजाला 450च्या जवळपास जावं लागतं. म्हणून वरच्या दहा-पंधरा किलोमीटरांत भेगा आणि भ्रंश (जिथे खडक तुटून सरकतो), त्याखाली संथ वाहणं. खडक वितळत नाही हां! घनच राहतो, लाखो वर्षांत हळूहळू सरकतो. आणि खोल जाऊ तसं सगळं मऊच होत जातं असंही नाही. कवच संपून त्याखालचं प्रावरण सुरू झालं की ऑलिव्हिन हे खनिज येतं, ते पुन्हा चिवट. वर कडक, खाली चिवट, मधला मऊ थर सापडतो दोघांच्या कात्रीत.

अमेरिकेत नेवाडाच्या भागात याचा देखणा पुरावा आहे. वरचं कवच तुटून, कलंडून डोंगर-दऱ्यांच्या रांगा झाल्यात, काही ठिकाणी रुंदी जवळपास दुप्पट झाली. तितक्याच वेड्यावाकड्या तळाची अपेक्षा असते, पण कवचाचा तळ बराचसा सपाट निघाला! खालचा खडक वाहून जिथे कमी पडलं तिथे भरला, असं मानतात.

1978मध्ये भूशास्त्रज्ञ मॅकेन्झी यांनी सगळी जाडी सारखी ताणली जाते असं धरून सुबक गणित मांडलं. दोनच वर्षांत रॉयडन आणि कीन यांनी कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर खोलीनुसार वेगळा ताण धरावा लागतो असं दाखवलं. मला मॅकेन्झींचं गणित तरीही आवडतं. साधं आहे, म्हणून तर कुठे चुकतंय ते पकडता आलं.

आपल्याकडे मात्र यातलं काही दिसत नाही. तुळजापूरच्या घाटात बेसाल्टचे, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचे, थर आडवे, शिस्तीत. आणि किल्लारी यात ओढू नकोस. 30 सप्टेंबर 1993चा तो भूकंप ताणाचा नव्हे, दाबाचा. हिमालयाकडून भारताच्या भूमीवर जो दाब आहे त्याचा. विसर्जनाच्या रात्रीनंतरची ती पहाट आपल्या पिढीतला कोण विसरलाय?

ताण बघायचा तर तूच नशीबवान. तुमच्या पनवेलजवळ हेच लाव्हाचे थर पश्चिमेकडे झुकलेत. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सेशेल्स (आताची हिंदी महासागरातली बेटं) भारतापासून तुटलं, त्या उलथापालथीशी त्या वळणाचा संबंध जोडतात. रविवारी लोळण्यापेक्षा जाऊन बघ, फोटो पाठव. फोटोत पट्टी किंवा पेन ठेव, नाहीतर थर केवढा ते कळत नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
महेश