टाकलेल्या पत्त्यांचा हिशेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चवथीच्या सुटीत मुले देवळाच्या सभागृहात कवट्यांची चित्रे असलेले पत्ते घेऊन बसतात आणि हा जुगारच आहे, अशा आशयाचे एका पालकांचे पत्र आपल्या दैनिकात वाचले. मी फोंड्यात अकरावी-बारावीला गणित शिकवते. माझा भाचा हाच खेळ खेळतो. त्याचे मित्र आमच्या बाल्कांवात जमतात आणि मीही पुष्कळदा त्यांच्यात बसून खेळते. त्या पालकांची काळजी मला मनापासून पटते. मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या असलेल्या या राज्यात मुलाच्या हाती पत्ते दिसले की आईबापांच्या पोटात गोळा येणारच. म्हणून हा खेळ आहे तरी काय, ते जरा सविस्तर लिहिते.

खेळाचे नाव मॅजिक: द गॅदरिंग. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने तो रचला आणि विझर्ड्स ऑफ द कोस्ट या अमेरिकन कंपनीने १९९३ मध्ये तो बाजारात आणला. सुरुवातीच्या नियमांत प्रत्येकाने एक पत्ता पणाला लावायची तरतूद होती, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ती पुढे वगळली गेली आणि आज स्पर्धांमध्ये तिला थारा नाही. प्रत्येक खेळाडू निदान ६० पत्त्यांचा स्वतःचा डेक, म्हणजे गड्डी, घरून बांधून आणतो. एकाच नावाचे पत्ते चारपेक्षा जास्त चालत नाहीत, फक्त साध्या लँडना, म्हणजे जमिनीच्या पत्त्यांना, ही मर्यादा नाही. सुरुवातीला हातात ७ पत्ते, खात्यात २० लाइफ, म्हणजे जीवनगुण. लँडमधून मॅना, म्हणजे जादूची शक्ती, मिळतो, तो खर्च करून क्रीचर (लढणारे जीव) आणि मंत्र खेळायचे आणि समोरच्याची लाइफ शून्यावर आणायची. हरलेला मुलगा आपले सगळे पत्ते घेऊन घरी जातो.

आता त्या कवट्या. ग्रेव्हयार्ड (स्मशान) म्हणजे वापरून झालेले, मेलेले किंवा हातातून टाकलेले पत्ते ठेवायचा उघडा ढीग. रमीत आपण टाकलेला पत्ता सहसा आपल्या हाती परत येत नाही. इथे काही डेक असे बांधलेले असतात की खरा खेळ त्या ढिगातूनच सुरू होतो. या खेळातली माझ्या सर्वात आवडीची रचना हीच, कारण तिच्यात नशिबाला मोकळे सोडलेले नसते. काय टाकायचे, कधी टाकायचे, त्यातले किती परत येईल, हे सगळे आधी कागदावर मांडावे लागते.

भाच्याचा डेक काळ्या-हिरव्या रंगाचा आणि पॉपर प्रकारचा आहे. पॉपरमध्ये कॉमन म्हणून कधी ना कधी छापलेलेच पत्ते चालतात, म्हणजे सर्वात साधे. डेकचा कणा म्हणजे टॉर्चर्ड एक्झिस्टन्स, १९९८ च्या स्ट्राँगहोल्ड संचातला. एका काळ्या मॅनात तो टेबलावर येतो आणि तिथेच राहतो. त्यानंतर दर खेपेला एक काळा मॅना द्यायचा, हातातला एक क्रीचर टाकायचा आणि ग्रेव्हयार्डमधला एक क्रीचर हातात घ्यायचा. कोणता उचलायचा ते आधी जाहीर करावे लागते, टाकण्याची किंमत त्यानंतर चुकवायची. त्यामुळे जो टाकला तोच लगेच परत घेता येत नाही. आठवीतली मुले हा क्रम चोख पाळतात आणि चुकणाऱ्याला शांतपणे थांबवतात. वर्गात समीकरणाच्या पायऱ्या गाळू नका म्हणून मी घसा कोरडा करते, तीच शिस्त इथे आपसूक येते.

जोडीला २००५ च्या रॅव्हनिका संचातले दोन क्रीचर, स्टिंकवीड इम्प आणि गोल्गारी ब्राऊनस्केल. दोघांवर ड्रेज लिहिलेले असते. पत्ता ओढायची वेळ आली की ओढण्याऐवजी डेकवरचे ठरावीक पत्ते सरळ ग्रेव्हयार्डमध्ये टाकायचे आणि ड्रेजवाला पत्ता तिथून हातात घ्यायचा. इम्पसाठी पाच पत्ते, ब्राऊनस्केलसाठी दोन. ब्राऊनस्केल ग्रेव्हयार्डमधून हातात आला की शिवाय दोन लाइफ मिळतात. दोन ब्राऊनस्केल असले तर एक टाकून दुसरा घ्यायचा, मग दुसरा टाकून पहिला. दर काळ्या मॅनामागे दोन लाइफ.

आणि स्पोअर फ्रॉग. एका हिरव्या मॅनाचा हा बेडूक. त्याचा बळी दिला की त्या पाळीत लढाईतले सगळे नुकसान थांबते. मागे एका दुपारी समोरच्या मुलीने पाच क्रीचर उभे केले होते आणि भाच्याची लाइफ तीनवर आली होती. त्याने काळा मॅना देऊन इम्प टाकला, ढिगातून फ्रॉग उचलला, हिरवा मॅना देऊन तो खेळला आणि तिचा हल्ला आला तेव्हा त्याचा बळी दिला. पुढच्या पाळीत ड्रेजने इम्प पुन्हा हातात, इम्प टाकून पुन्हा फ्रॉग. दोन मॅनात तिचे पूर्ण सैन्य अडून राहिले. ती हताश झाली नाही. तिने हल्ला थांबवला आणि भाच्याच्या डेकमधले उरलेले पत्ते मोजायला घेतले, कारण रिकाम्या डेकमधून पत्ता ओढायची पाळी आली की खेळाडू हरतो आणि प्रत्येक ड्रेज तो दिवस जवळ आणतो. भाच्यालाही मग ड्रेज सोडून साधा पत्ता ओढावा लागला. जुगाराच्या टेबलावर असा विचार होत असेल असे मला वाटत नाही.

डेक बांधणे हा अर्धा भाग. खरे शिक्षण तो घासूनपुसून घेण्यात आहे. भाच्याच्या पहिल्या यादीत गर्मॅग अँगलर चार होते. सात मॅनाचा हा मोठा मासा, पण ग्रेव्हयार्डमधला एकेक पत्ता खेळाबाहेर काढून त्याची किंमत कमी करता येते. ऐकायला छान. अडचण ही की तो खातो तेच एक्झिस्टन्सला हवे असते. आज यादीत अँगलर एकच आहे आणि तोही ढिगातली लँड आणि वापरलेले मंत्र संपवण्यापुरता.

दुसरा प्रश्न संभाव्यतेचा. डेकमध्ये एक्झिस्टन्स चार आहेत. पहिल्या सात पत्त्यांत त्यातला निदान एक असण्याची शक्यता ४० टक्के, दहा पत्ते पाहीपर्यंत ५३ टक्के. म्हणजे जवळजवळ निम्म्या डावांत चौथ्या पाळीपर्यंत डेकचा कणाच जागेवर नसतो. हे आकडे आम्ही फळ्यावर काढले. मुलांनीच त्यावर उपाय शोधला. आधी ते ग्रिझली सॅल्व्हेज वापरत. त्यात वरचे पाच पत्ते उघडून एखादा क्रीचर किंवा लँड घेता येते, बाकीचे ग्रेव्हयार्डमध्ये जातात. त्याऐवजी त्यांनी कम्यून विथ द गॉड्स घातले. तेही पाच पत्ते उघडते, पण त्यातून क्रीचर किंवा एनचँटमेंट, म्हणजे टेबलावर टिकून राहणारी जादू, घेता येते आणि एक्झिस्टन्स एनचँटमेंट आहे. पाचांत तो सापडण्याची शक्यता साधारण ३० टक्के. नाही सापडला तरी पडलेले पत्ते पुढे उपयोगी पडतात.

यातून एक अवघड निर्णय उभा राहतो आणि मला तो फार मोलाचा वाटतो. एक्झिस्टन्स अजून आलेला नाही आणि हातात इम्प आहे. इम्प टाकून ड्रेज सुरू करावे का? केले तर ढीग झपाट्याने भरतो, पण एक्झिस्टन्सच त्या पाचांत वाहून जाऊ शकतो आणि तो क्रीचर नसल्यामुळे या डेकला तो परत आणता येत नाही. शिवाय ड्रेजच्या पाळीत नवा पत्ता हाती येतच नाही. भाचा अशा वेळी थांबतो. त्याचा एक मित्र थांबत नाही, क्रिप्ट रॅट्सवर भिस्त ठेवून जोरात जातो. रॅट्समध्ये ओताल तितक्या काळ्या मॅनाएवढे नुकसान प्रत्येक क्रीचरला आणि दोन्ही खेळाडूंना होते. या दोघांचा वाद अजून मिटलेला नाही. मला स्वतःला भाच्याचे म्हणणे पटते.

ग्रेव्हयार्डवर उभ्या डेकला तोड नाही असेही नाही. रेलिक ऑफ प्रोजेनिटस हा एका मॅनाचा पत्ता आणखी एका मॅनात फोडला की दोन्ही बाजूंचे ग्रेव्हयार्ड खेळाबाहेर जातात. त्यावर मुले साइडबोर्डच्या, म्हणजे दोन डावांच्या मध्ये डेकमध्ये बदलून घेता येणाऱ्या राखीव १५ पत्त्यांत मास्क्ड व्हँडल ठेवतात. आपल्या ढिगातला एक क्रीचर बाहेर काढून तो समोरच्याचा असा पत्ता हटवतो आणि स्वतः क्रीचर असल्यामुळे एक्झिस्टन्सने पुन्हा हातात येतो. डेक फारच वरचढ झाले तर खेळ चालवणारेही दखल घेतात. ड्रेजचाच गोल्गारी ग्रेव्ह-ट्रोल हा पत्ता मॉडर्न या स्पर्धा-प्रकारात २०११ मध्ये बंद होता, २०१५ मध्ये खुला झाला आणि २०१७ मध्ये पुन्हा बंद केला गेला.

आपल्या हवेबद्दल एक सूचना, कारण बाहेरच्या माहितीत ती सहसा नसते. चकचकीत फॉइल पत्ते गोव्याच्या पावसाळ्यात वाकतात. कागद ओल शोषतो, वरचा थर शोषत नाही. वाकलेला पत्ता डेकमध्ये लांबूनच ओळखू येतो आणि पुढचा पत्ता ओढायचा की ड्रेज करायचे हे ठरवणाऱ्या डेकमध्ये तर ते सरळ अन्यायाचे ठरते. पालकांनी फॉइलच्या हट्टाला बळी पडू नये. साधे पत्ते घ्यावेत, सगळ्यांना एकसारखी स्लीव्ह (प्लास्टिकची खोळ) घालावी आणि डबीत सिलिका जेलची पुडी टाकावी.

पैशाच्या बाबतीत मात्र मी त्या पालकांच्या बाजूने उभी आहे. पत्त्यांची बंद पाकिटे मिळतात. आत कोणते पत्ते निघतील ते विकत घेणाऱ्याला ठाऊक नसते. एखादा दुर्मीळ पत्ता निघेल या आशेने मुलगा एकामागून एक पाकीट फोडतो आणि नको असलेले कॉमन चपलांच्या खोक्यात साठत जातात. जुगाराचा वास येतो तो इथे, टेबलावर नाही. आमच्या घरी नियम साधा आहे. आधी ६० पत्त्यांची यादी कागदावर लिहायची, खोक्यांतून आणि मित्रांकडून जे मिळेल ते जमवायचे आणि उरलेले नाव सांगून सुटे मागवायचे. वाढदिवसालासुद्धा बंद पाकीट नाही. भाच्याचा डेक असाच उभा राहिला आहे, त्यातले बरेच पत्ते दुसऱ्यांनी टाकून दिलेले. खेळावर बंदी घालण्यापेक्षा पालकांनी पाकिटांना ठाम नकार द्यावा आणि यादी मागावी. यादी दाखवता न येणारा मुलगा पत्ते गोळा करतो आहे, खेळत नाही.

सभागृह बंद केले तर ही मुले मोबाईलकडे वळतील, हे कोणाला वेगळे सांगायला नको. एखाद्या ग्रंथालयाने किंवा पंचायतीने शनिवारी दुपारी एक टेबल आणि पंखा दिला तरी पुरे. पाकिटे आणायची नाहीत आणि पैशांची देवघेव करायची नाही, या दोन अटी दारावर लावाव्यात. देखरेखीला मी येईन. पत्र लिहिणाऱ्या पालकांनीही एकदा अवश्य येऊन बसावे.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बुद्धिबळाच्या कोड्याशेजारी या खेळाचेही एक कोडे द्यावे, अशी विनंती आहे. कोडी मी विनामूल्य पाठवत जाईन. पहिले सोबत देते. तुमचा टॉर्चर्ड एक्झिस्टन्स टेबलावर आहे आणि दोन काळे मॅना शिल्लक आहेत. हातात एकच पत्ता, स्टिंकवीड इम्प. ग्रेव्हयार्डमध्ये एक ब्राऊनस्केल आणि एक स्पोअर फ्रॉग. समोरच्याने रेलिक फोडली आहे, पण तिचा परिणाम होण्याआधी तुम्हाला संधी आहे. दोन लाइफही मिळाव्यात आणि शेवटी फ्रॉग हातात राहावा, यासाठी काय टाकून काय उचलाल आणि कोणत्या क्रमाने?

आपली,
एक गणित शिक्षिका, फोंडा