आधी टेप लाव, मग पैसे काढ

बोरिवली,
रविवार, रात्र

बंड्या,

तुझ्या गेमिंग पीसीच्या पार्टची लिस्ट काल रात्री आली आणि मी ती जेवता जेवता तीनदा वाचली, शेवटी बायको म्हणाली आधी ताटात बघ. फोनवर सांगायला गेलो तर अर्धं राहून जाईल म्हणून निवांत बसून लिहितोय. लांबणार आहे, पण तू दीड वर्ष साठवून ७५ हजार जमवलेस आणि त्यात मॉनिटर पण बसवायचाय हे मला माहितीये, त्यातला एक रुपयाही चुकीच्या जागी जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

तुझ्या लिस्टमधे सगळं आहे, फक्त एक गोष्ट नाहीये. पीसी ज्या जागी ठेवणार त्या जागेचं माप. तू नुसतं लिहिलंयस 'एकदम छोटा पाहिजे, मिनी आयटीएक्स'. पण किती छोटा? मिनी आयटीएक्स हे मदरबोर्डचं, म्हणजे सगळे पार्ट ज्यावर बसतात त्या बोर्डाचं माप, १७० बाय १७० मिमी, त्यावर ग्राफिक कार्डासाठी एकच स्लॉट आणि रॅमचे दोन. त्याच्या वरचा मायक्रो एटीएक्स म्हणजे २४४ बाय २४४. फरक साडेसात सेंटीमीटरचा, पण खिशाला तो भरपूर जड पडतो, कारण आयटीएक्स बोर्ड आपल्याकडे कमी मिळतात, मिळतात ते महाग, आणि त्या छोट्या कॅबिनेटांना बऱ्याचदा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) पण छोटा लागतो, एसएफएक्स नावाचा, तोही तेवढ्याच वॉटच्या साध्यापेक्षा महाग. म्हणजे बारीक व्हायचे पैसे तू दोनदा भरतोस आणि ते येतात कुठून, तर ग्राफिक कार्डातून, म्हणजे गेमचं चित्र काढणाऱ्या कार्डातून.

म्हणून आज एक काम कर. काकूंच्या शिलाई मशीनच्या बाजूला जी फट आहे ना, भिंत आणि मशीनच्या मधे, तिथे टेप लाव. मला आठवतं त्याप्रमाणे रुंदी २४ सेमीच्या आसपास असेल आणि खोली ४५ तरी. तसं असेल तर २०-२१ सेमी रुंदीचा छोटा मायक्रो एटीएक्स टॉवर तिथे आरामात उभा राहतो आणि तुला आयटीएक्सची गरजच नाही. एक पुठ्ठ्याचा खोका त्या मापाचा काप, तिथे ठेव आणि दोन दिवस राहू दे. काकूंचा पाय मशीनच्या पायट्याला नीट पोचतो का, कपाटाचं दार उघडतं का, केर काढताना झाडू जातो का ते बघ. दहा बाय पंधराच्या खोलीत चार माणसं राहतात तिथे पीसी म्हणजे पाचवं माणूस, त्याची जागा आधी ठरली पाहिजे. आणि देवघराखालचा बंद कप्पा डोक्यातून काढ, का ते पुढे सांगतो.

माप खरंच कमी निघालं तर मग आयटीएक्सच, त्याला इलाज नाही. उदाहरण म्हणून कूलर मास्टरचा एनआर २०० घे, तो साधारण १८ लिटरचा आहे, म्हणजे ऑफिसमधे २० लिटरचा पाण्याचा जार असतो त्यापेक्षा जरासा लहान. डोळ्यासमोर आला ना? छोटा छोटा म्हणतात तो इतका असतो.

माप हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय का झाला ते सांगतो. माझ्या पहिल्या पीसीच्या वेळी कॅबिनेटच्या खोक्यावर लिहिलं होतं ३०५ मिमीपर्यंत कार्ड बसेल. मी २९२ चं तीन पंख्यांचं कार्ड घेतलं, दुकानदार पण म्हणाला बसेल साहेब. घरी आलो, बसेना. कारण तो ३०५ चा आकडा पुढचा पंखा काढून होता, आणि पंखा २५ मिमी जाड असतो. पंखा काढला, कार्ड बसलं, आणि मे महिन्यात ते ८६ डिग्रीला जायला लागलं, पंखे असे ओरडायचे की बाबा शेजारच्या खोलीतून विचारायचे काय चाललंय. शेवटी ते तोट्यात विकून दोन पंख्यांचं घेतलं. तुझ्या लिस्टमधलं कार्ड पण तीन पंख्यांचंच आहे. तेच मॉडेल दोन पंख्यांत येतं, बहुतेक २५० मिमीच्या आत असतं, खेळताना फरक कळणार नाही. आणि लांबीच नुसती बघू नको, कार्डाच्या वरच्या कडेला पॉवरची केबल लागते, तिला वळायला तीनेक सेंटीमीटर लागतात, नाहीतर बाजूची काच बंदच होत नाही.

आता प्रोसेसर. तू एएमडीचा रायझन ५ ५६००जी लिहिलंयस आणि वर कार्ड पण घेणारेस. भावा, जी म्हणजे आत ग्राफिक असलेला, त्यासाठी त्याची कॅश, म्हणजे आतली झटपट मेमरी, अर्धी केलीये, १६ एमबी, साध्या रायझन ५ ५६०० ला ३२ एमबी आहे. शिवाय जी वाला पीसीआय ३ वरच चालतो, म्हणजे कार्डाशी बोलायचा जुना, हळू रस्ता. कार्ड आजच घेतोयस तर साधा ५६०० घे, सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॉटचा, आणि पंखा खोक्यातच येतो, तो फक्त ५४ मिमी उंच, छोट्या कॅबिनेटात कुठेही बसतो. एकच लक्षात ठेव, ५६०० मधे ग्राफिक नाही, त्यामुळे मॉनिटरची वायर कार्डालाच लाव, बोर्डाला लावलीस तर स्क्रीन काळीच राहणार आणि तुला रात्रभर झोप नाही.

तू विचारशील एएम५ (प्रोसेसर बसतो तो सॉकेट, ५६०० जुन्या एएम४ चा) का नको, तो नवा आहे, पुढे अपग्रेड करता येईल. बरोबर आहे, हातात आणखी वीस हजार असते तर मीच तुला त्यावरचा ७६०० घ्यायला लावला असता. पण एएम५ ला डीडीआर५, म्हणजे नव्या पिढीचीच रॅम लागते आणि रॅमचा बाजार सध्या बघतोयस ना, एआयवाल्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि २०२५ च्या शेवटी भाव असे चढले की मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मधे सांगूनच टाकलं की क्रुशल हा गिऱ्हाईकांना विकायचा ब्रँड बंद करतोय. ५६०० ला चालणारा जुना डीडीआर४ पण महागलाय, पण माझ्याकडे जुन्या पीसीतले ८ जीबीचे दोन, ३२०० वाले पडलेत, ते तू घेऊन जा. पैशांचं नाव काढू नको. तुझ्या लिस्टमधली १६ ची एकच पट्टी काढून टाक, एका पट्टीवर मेमरीचा रस्ता अर्धा होतो आणि गेममधे ते जाणवतं, दोन पट्ट्या पाहिजेतच. आणि बायोसमधे, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमधे जाऊन एक्सएमपी (रॅमचा पूर्ण स्पीड) ऑन करायचं, नाहीतर ३२०० ची रॅम बिचारी कमी स्पीडवरच चालत राहते, लोकांना वर्षानुवर्षं कळत नाही.

बोर्ड बी५५० चिपसेटचा. ए५२० वाला स्वस्त दिसेल पण तो पीसीआय ३ चा आहे, आणि आपल्या बजेटची कार्डं सोळाच्या जागी आठच लेन, म्हणजे डेटाचे रस्ते, वापरतात, त्यांना पीसीआय ४ चा स्पीड मिळालेला बरा. वायफाय नसलेला बोर्ड चालेल, तुमचा राउटर दारावरच आहे, लॅन केबल ओढू, व्हॅलोरंटसारख्या ऑनलाइन गेमला तसंही केबलच चांगली.

कार्डाचं मात्र नीट ऐक. रॅमचे पैसे वाचले, आयटीएक्सचे वाचले, ते सगळे इथे टाक. तू नुसतं 'आरटीएक्स ३०५०' लिहिलंयस. ३०५० दोन आहेत, एक ८ जीबीचं आणि एक ६ जीबीचं, आणि ६ वाल्यात नुसती मेमरीच कमी नाही, आतले कोअर पण कमी आहेत. नाव एकच असल्यामुळे माणूस फसतो. ६ वाल्याची एक गोष्ट चांगली, ते ७० वॉटवर चालतं, बहुतेकांना वेगळी पॉवर केबल लागत नाही, अगदी इवल्याशा डब्यासाठी ते ठीक, तुझ्यासाठी नाही. तू १०८०पी रिझोल्यूशनवर खेळणार, तर ८ जीबी धर. आरएक्स ६६०० जुनं झालंय, २०२१ चं, पण १३२ वॉटमधे अजून भारी चालतं. आरटीएक्स ५०६० हाताला लागलं तर सोन्याहून पिवळं, १४५ वॉट. इंटेलचं आर्क बी५८० बघून तुझा जीव जाईल कारण त्यात १२ जीबी आहे, पण त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर बराच भार टाकतो आणि ५६०० सोबत ते काही गेममधे मागे पडतं हे टेस्टमधे दिसलंय, शिवाय १९० वॉट, छोट्या डब्यात नको.

एसएमपीएसवर मी तुझं काही ऐकणार नाही. कॅबिनेटसोबत फुकट येतो तो ४५० वॉटवाला घ्यायचा नाही म्हणजे नाही. हिशोब कर, कार्ड दीडशे, प्रोसेसर फार तर ९०, बाकी सगळं मिळून ४०-५०, म्हणजे तीनशेच्या आतच, ब्रॉंझ रेटिंगचा ५५० वॉटचा पुरून उरतो. प्रश्न वॉटचा नाहीच, आत काय भरलंय त्याचा आहे. खराब एसएमपीएस एकटा जात नाही, बोर्ड आणि कार्ड घेऊन जातो. (वीजबिलाचं काकांना सांग, पूर्ण लोडवर २५० वॉट धरले तर चार तासाला एक युनिट.)

आणि याच्याशीच जोडलेली गोष्ट, जी कुठल्याच लिस्टमधे नसते. अर्थिंग. तुमच्या चाळीचं वायरिंग जुनं आहे. आमच्या जुन्या खोलीत मी अनवाणी लादीवर बसून कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला हात लावला की बोटांना मुंग्या आल्यासारखं व्हायचं, बारीक झिणझिण, पंख्याचं बटन बंद केलं तरी जायची नाही. मला वाटायचं पीसी खराब आहे. वायरमनने मीटर लावला, फेज आणि न्यूट्रलमधे २३० दाखवतोय, फेज आणि अर्थमधे काहीच नाही, म्हणजे तिसऱ्या भोकात वायरच नव्हती. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कॅपॅसिटर असतात, ते थोडा करंट बॉडीवर सोडतात, तो अर्थिंगमधून निघून जायला पाहिजे, अर्थिंग नसेल तर बॉडीवरच राहतो आणि तुझ्या बोटातून वाट काढतो. लहान भाची रांगते ना घरात? काकूंचं मशीन लोखंडी आहे आणि तेही शेजारीच. पीसी आणायच्या आधी वायरमनला बोलव, तपासून घे, लागले पैसे तर कार्ड एक नंबर खाली घे पण हे कर. यूपीएस मात्र नंतर घेतलास तरी चालेल, १२ ऑक्टोबर २०२० सारखी अख्खी मुंबई बंद पडायची वेळ रोज येत नाही.

आता देवघराखालचा कप्पा. परदेशातले लोक २१-२२ डिग्रीच्या खोलीत टेस्ट करतात आणि दाखवतात कार्ड ७० वर. तुझ्या खोलीत मे महिन्यात ३३ असतात. खोली अकरा डिग्री वर तर कार्डही जवळपास तेवढंच वर, म्हणजे ८० पार, आणि हे उघड्यावर. बंद कप्प्यात तीच गरम हवा परत परत आत जाणार. मशीनच्या बाजूला ठेव, मागे एक वीत जागा सोड, जमिनीवर नको, पाटावर ठेव, पावसाळ्यात लादीला ओल येते. जाळी महिन्यातून एकदा धुवायची, लालबागची धूळ तुला मी काय सांगू.

१ टीबीची एनव्हीएमई एसएसडी घे, ५०० जीबी दोन-तीन मोठ्या गेममधे भरते. मॉनिटर २४ इंची, आयपीएस पॅनेलचा, १४४ हर्ट्झ किंवा वर, आणि विंडोजमधे जाऊन १४४ निवडायचं, ते ६० वरच पडून राहतं.

खरेदी लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातच करू, ऑनलाइन भाव मोबाइलवर उघडे ठेवून. प्रोसेसर खोक्यातला माग, ट्रे पीस (खोक्याशिवाय सुटा) स्वस्त देतील पण त्यावर कंपनीची वॉरंटी मिळेल असं धरू नको. 'बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील' असं कोणी म्हटलं तर हसून पुढे चल, पक्कं जीएसटी बिल आणि त्यावर कार्डाचा सीरियल नंबर लिहून घ्यायचा. गणपतीच्या आत उरकू, नंतर तुमच्याकडे टॅक्सी आत येणार नाही आणि मॉनिटर डोक्यावर घेऊन चालावं लागेल.

जोडणी आपणच करू, तुझ्या खोलीत, लादीवर चादर टाकून. मी पहिल्यांदा जोडला तेव्हा आईच्या तांदूळ निवडायच्या ताटात स्क्रू वेगवेगळे काढून ठेवले होते, तसंच करू. एएम४ ला पिना प्रोसेसरला असतात, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणावर आणायचा आणि नुसता सोडायचा, दाबायचा नाही, तो आपल्या वजनाने खाली बसतो, टिक पण वाजत नाही. ते तू करायचंस, मी हात लावणार नाही. छोट्या कॅबिनेटात प्रोसेसरची आठ पिनवाली केबल सगळ्यात आधी लावून घ्यायची, कार्ड बसलं की तिथे बोट जात नाही.

तर शनिवारी सकाळी ११ ला ग्रँट रोडला ईस्टला उतर, तिकिटाच्या खिडकीपाशी मी असेन. तीन आकडे कागदावर लिहून आण, रुंदी, खोली, उंची, आणि वायरमन काय म्हणाला ते. रॅम मी पिशवीत घालून ठेवलीये.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
बाळ्या