बीएमटी (बोन मॅरो ट्रान्सप्लांट) वॉर्डातल्या सिस्टर आणि ब्रदर मंडळींना

सप्रेम नमस्कार,

रुग्ण बरा होऊन घरी निघाला की पेढे डॉक्टरांच्या केबिनमध्ये येतात. म्हणून हे पत्र तुम्हाला.

भावंडाच्या किंवा आईवडिलांच्या अर्ध्या जुळणाऱ्या, रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी चढवताना पिशवीतून दात्याच्या टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशीही येतात. उरलासुरला ल्युकेमिया त्याच मारतात आणि रुग्णाची कातडी, आतडी, यकृत परकं समजून त्याच जीव्हीएचडी, म्हणजे दात्याच्या पेशींचा रुग्णाच्या शरीरावरचा हल्ला, घडवतात. सगळ्या काढून टाकाव्यात तर आजार उलटण्याची आणि संसर्गाची भीती. म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे केमोचं औषध, वजनाच्या किलोमागे 50 मिलिग्रॅम. रुग्णावर उठलेल्या टी पेशी तेव्हा भराभर वाढत असतात, औषध त्यांनाच गाठतं. मूळपेशींकडे ते निकामी करणारं एन्झाइम असल्यानं त्या वाचतात.

पण त्यासाठी त्या पेशींना आधी वाढू द्यावं लागतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत ताप 103 वर जातो. नातेवाईक घाबरतात, नवा रेसिडेंट फोनवर ‘हायड्रोकॉर्ट देऊन टाका’ म्हणतो. पण हायड्रोकॉर्ट हे स्टेरॉइड, ते ही वाढच दाबून टाकेल, म्हणून तुम्ही सीनियरला उठवता. तोवर कल्चर जातं, अँटिबायोटिक सुरू होतं, पॅरासिटामॉल दिलं जातं, बीपी आणि ऑक्सिजनवर तुमची नजर असते. प्लेटलेट चढवण्याआधी ‘ॲव्हिल-हायड्रोकॉर्ट’ ही इतर वॉर्डांतली हाताची सवय. इथे तुम्ही ॲव्हिल या ॲलर्जीच्या औषधावरच थांबता. पिशवीवर इरॅडिएटेडचं (टी पेशी निकामी करायला किरण दिल्याचं) लेबल नसेल तर ती परत जाते, मग ब्लड बँकेशी वाद झाला तरी.

टॅक्रोलिमस या जीव्हीएचडी रोखणाऱ्या औषधाच्या रक्तातल्या लेव्हलबद्दल तर किती आभार मानावेत! छातीतून मोठ्या शिरेत घातलेल्या हिकमन लाइनच्या ज्या नळीतून ते जातं, तिच्या आतल्या बाजूला औषध चिकटून राहतं. त्याच नळीतून रक्त काढलं की लेव्हल खोटीच वाढलेली येते, आम्ही डोस कमी करतो आणि जीव्हीएचडीला रान मोकळं मिळतं. नळीवर चिकटपट्टी लावून ‘टॅक्रो, रक्त घेऊ नये’ असं मार्करनं लिहून ठेवता, तेवढ्यानं हे टळतं. डे-केअरमध्येही तुमचं ठरलेलं वाक्य: आधी रक्त, मग सकाळची कॅप्सूल.

जीव्हीएचडी आधी तुम्हालाच दिसतो. सावळ्या कातडीवर लाली कुठली दिसायला? रंग गडद होतो, तळहात-तळपाय चुरचुरतात, कानांवर पुरळ येतं. हे अंघोळ घालताना कळतं, राउंडला नाही. आणि जुलाब! ‘चार-पाचदा झाली’ एवढ्यावर काहीच ठरवता येत नाही. तुम्ही लघवी वेगळी ठेवून मिलिलिटरमध्ये मोजता. मोठ्या माणसाला 24 तासांत 500 म्हणजे धोक्याची सुरुवात, 1500 च्या पुढे गंभीर. सीएमव्ही (विषाणू) आणि सी-डिफ (जिवाणू) यांच्या तपासण्यांसोबत हाच आकडा पाहून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड किलोमागे 2 मिलिग्रॅमनं सुरू करायचं की थांबायचं, हे ठरतं. 1983 मध्ये मुंबईत टाटा रुग्णालयात देशातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं तेव्हा टॅक्रोलिमसचा शोधही लागला नव्हता. जुलाब मात्र तेव्हाही मोजूनच कळायचे.

आणखी एक. व्होरिकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध बंद झालं की टॅक्रोलिमसची लेव्हल खाली येते, म्हणून आठवड्याच्या आत पुन्हा तपासावी लागते. आमच्या डिस्चार्ज समरीत हे कुठेतरी तळाशी दडलेलं असतं. तुम्ही ते गोळ्यांच्या डबीवर मराठीत लिहून देता, घरच्यांकडून परत म्हणवून घेता. त्याबद्दल वेगळे आभार.

आपले,
ट्रान्सप्लांट टीममधले डॉक्टर