मकरंदास पत्र: घरचे इंटरनेट संध्याकाळीच का अडते

खामला, नागपूर
दि. १८ मे

प्रिय मकरंद,
सप्रेम नमस्कार.

तू सांगितल्याप्रमाणे प्रतापनगरला तुमच्या घरी जाऊन इंटरनेटची नीट तपासणी करून आलो. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना जिवाला घोर राहणार नाही. लाइन खराब नाही, राउटर बदलण्याची गरज नाही, आणि तू मनाशी योजलेला जास्त वेगाचा महागडा प्लॅन घेऊन फारसे काही साधणार नाही. संध्याकाळी काकू तुझ्याशी बोलतात तेव्हा त्यांचा चेहरा गोठतो आणि आवाज तुटतो, त्याचे कारण ओंकारच्या लॅपटॉपवर चालणारे टॉरेंट, म्हणजे अनेक संगणकांनी आपापसांत फाइली वाटून घेण्याची पद्धत, हेच आहे. मात्र ते ज्या रीतीने आड येते ती रीत तुझ्या समजुतीहून वेगळी आहे, आणि ती कळल्याशिवाय तू त्याला फोनवर रागावू नयेस अशी माझी कळकळीची विनंती आहे. पोरगा वावगे काही उतरवत नाही. त्याच्या यादीत डेबियन लिनक्स या मोफत संगणकप्रणालीच्या आयएसओ (ती प्रणाली संगणकावर बसवण्याच्या) फाइली आणि इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयातले जुने ग्रंथ होते, आणि या दोन्ही संस्था स्वतःच टॉरेंट उपलब्ध करून देतात.

ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये टॉरेंटमागची बिटटॉरेंट ही पद्धत तयार केली, तिचे मर्मच असे की फाइल घेणारा प्रत्येक जण त्याच वेळी ती इतरांना देतही असतो. फाइल पूर्ण उतरली तरी प्रोग्राम बंद करेपर्यंत हे वाटप चालूच राहते. म्हणजे ओंकार ‘काहीच डाउनलोड करत नाहीये मामा’ असे म्हणतो तेव्हा तो खरेच बोलत असतो, आणि तरीही त्याचा लॅपटॉप घरची बाहेर जाणारी वाट पूर्ण भरून टाकत असतो. तुमच्या लाइनवर खाली उतरण्याचा वेग ४० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) आहे, पण वर जाण्याचा अवघा ४. सगळी गोम या ४ मध्ये आहे.

कारण डाउनलोड हे एकतर्फी काम नसते. आलेल्या डेटाची पोच आपल्या बाजूने सतत परत जावी लागते आणि ती पोचली नाही तर पाठवणारा पुढचा डेटा धिमा करतो. डेटा पाकिटांच्या, म्हणजे छोट्या तुकड्यांच्या, रूपात येतो आणि साधारणपणे १५०० बाइटांच्या दोन पाकिटांमागे ४० बाइटांची एक पोच जाते. या हिशेबाने ४० एमबीपीएस पूर्ण वेगाने उतरवायचे म्हटले तर पोचपावत्यांनाच सुमारे अर्धा एमबीपीएस वर जायला लागतो. इतवारीच्या अरुंद गल्लीत मालाने लादलेल्या हातगाड्यांची रांग लागावी आणि मागे पावत्या घेऊन निघालेला सायकलवाला अडकून पडावा, तसे या पोचपावत्यांचे होते. त्यात मोडेमची भर अशी की तो पाकिटे टाकून न देता साठवत राहतो. अर्धा एमबीचा साठा ४ एमबीपीएसच्या वाटेने बाहेर पडायला सुमारे एक सेकंद घेतो, आणि तुझ्या कॉलमधला काकूंचा प्रत्येक शब्द त्या साठ्याच्या शेपटाला उभा असतो. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या दुखण्याला बफरब्लोट असे नाव दिले, तेव्हा कुठे लोकांचे लक्ष वेगावरून विलंबाकडे वळले.

हे मी नुसत्या तर्काने सांगत नाही. अप्पांच्या संगणकाला केबल लावली आणि आज्ञा टाइप करायच्या दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या. एकीत घरच्याच राउटरला पिंग (उत्तर परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारा छोटा संदेश) सुरू केले आणि दुसरीत बाहेरच्या ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला. टॉरेंट चालू असताना पहिल्या खिडकीत आकडा १ मिलिसेकंदावर ठाम होता, दुसऱ्या खिडकीत मात्र तो १८ वरून चढत चढत ९०० च्या पुढे गेला. राउटरपर्यंतची वाट मोकळी आणि त्यापुढची तुंबलेली, हे याहून स्पष्ट दिसणार नाही. अप्पा खुर्ची ओढून जवळ बसले होते. ओंकारने पॉज दाबला आणि चार-पाच ओळींत आकडा पुन्हा १८ वर उतरला, तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे पाणी इथं मुरून राहिलं होतं तर!”

उपाय त्याच बैठकीत केला. टॉरेंटच्या प्रोग्राममध्ये अपलोडला मर्यादा घालता येते, आणि ती वाटेच्या साधारण सत्तर टक्क्यांवर ठेवली की पोचपावत्यांना व बोलण्याला जागा उरते. येथे एकच सावधगिरी लागते. प्लॅन सांगताना कंपन्या मेगाबिट मोजतात आणि प्रोग्राम किलोबाइट मोजतो, म्हणून ४ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ५०० किलोबाइट. त्यातून आम्ही ३५० ठेवले. अपलोड शून्य करावे असा अप्पांचा आग्रह होता, पण तो मी मानला नाही. कोणीतरी दिले म्हणून आपल्याला मिळाले, तर जितके घेतले तितके परत देणे हा या व्यवहारातला किमान सभ्यपणा आहे. शिवाय देणाऱ्यालाच इतर जण लवकर देतात, अशी या पद्धतीची घडणच आहे. म्हणून रात्री एक ते सकाळी सहा मर्यादा सैल आणि एरवी कडक, असे वेळापत्रक लावून दिले, आणि घेतले तेवढे देऊन झाले की फाइल आपोआप थांबेल अशीही सोय केली. तुमच्या प्लॅनमध्ये महिन्याच्या डेटाची मर्यादा आहे आणि वर पाठवलेला डेटाही तीत मोजला जातो, हे ओंकारला ठाऊक नव्हते. त्यामुळे ही सोय त्यालाही पटली.

काकूंनी आणखी एक तक्रार सांगितली होती, की कधी कधी चालू असलेला कॉल नीट चालतो पण नवी कोणतीही वेबसाइट उघडत नाही आणि राउटर बंद-चालू केला की सारे सुरळीत होते. यावरूनच सगळ्यांनी राउटरला दोष दिला. प्रत्यक्षात घरातल्या प्रत्येक जोडणीची नोंद राउटर एका तक्त्यात ठेवतो, जुन्या राउटरमध्ये हा तक्ता लहान असतो, आणि टॉरेंट शेकडो अनोळखी संगणकांशी बोलते तेव्हा तो भरून जातो. मग नव्या जोडणीला जागा उरत नाही. बंद-चालू केल्याने तक्ता कोरा होतो, एवढेच. एकूण जोडण्या १०० वर आणून ठेवल्या आहेत. डाउनलोडला त्याने फरक पडला नाही.

वाय-फायचा प्रश्न वेगळा होता आणि तो उन्हाळ्याने आणला होता. राउटर नेमका खिडकीतल्या कूलरच्या मागे गेला होता, म्हणजे पत्र्याची पेटी, ओल्या जाळ्या आणि टाकीभर पाणी, सगळे त्याच्या पुढ्यात. पत्रा आणि पाणी दोन्ही रेडिओ लहरींचे वैरी. तो दिवाणखान्यातल्या पुस्तकांच्या कपाटावर ठेवला आहे. ओंकारच्या वरच्या खोलीत केबल टाकून घे, कारण लांबून कमजोर सिग्नलवर चालणारा एक लॅपटॉप सगळ्यांच्या वाट्याचा वेळ खातो.

पुढेमागे राउटर बदलायची वेळ आलीच, तर वेगाच्या जाहिरातीकडे न पाहता त्यात एफक्यू-कोडेल ही पाकिटांच्या रांगा सांभाळणारी सोय आहे का एवढे विचार. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या कोडेल या रांग आखूड ठेवण्याच्या रीतीवर ते उभे आहे आणि २०१८ मध्ये आरएफसी ८२९० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाच्या रूपाने प्रसिद्ध झाले. ते प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देते, त्यामुळे काकूंचा कॉल टॉरेंटच्या मागे उभा राहत नाही. मात्र त्यात अपलोडचा वेग लाइनपेक्षा किंचित कमी, म्हणजे तुमच्या बाबतीत ३.६ एमबीपीएस, भरावा लागतो, म्हणजे रांग मोडेममध्ये न लागता आपल्या ताब्यातल्या राउटरमध्ये लागते.

एक शंका मात्र उरते. टॉरेंट पूर्ण बंद असतानाही रात्री नऊच्या सुमारास वेग थोडा पडतो. हा दोष घरातला नसून बाहेरचा असावा. ओंकारला मी रोज त्या वेळी सगळे बंद ठेवून, केबलवरून, पिंग व वेगाचे आकडे वहीत लिहायला सांगितले आहे. आठवडाभराच्या नोंदी हाती आल्या की तुझ्या नावाने कंपनीकडे लेखी तक्रार कर. मजकूर मी लिहून देतो. येत्या रविवारी संध्याकाळी काकूंना कॉल कर आणि आवाज कसा येतो ते मला कळव.

अप्पा-काकूंची प्रकृती उत्तम आहे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधीर