जॅझ आणि क्युबन रेकॉर्ड्स कपाटाबाहेर काढा

संपादक महोदय,

आपल्या पेपरात भजनी स्पर्धा, नाट्यसंगीत, संगीत संमेलनं यावर भरभरून येतं आणि ते यायलाच हवं, पण गोव्यात मराठी वाचणाऱ्यांत जॅझ आणि क्युबन म्युझिक ऐकणारे पण आहेत आणि ते एकमेकांना माहीतच नाहीत, म्हणून हे पत्र. म्हापशात, फोंड्यात, डिचोलीत कुठेही विषय काढला की कोणीतरी हळूच सांगतं, माझ्याकडे पण आहेत हां रेकॉर्ड्स, काका बोटीवर होते त्यांनी आणलेल्या, नाहीतर शेजारचे लिस्बनला गेले तेव्हा देऊन गेले. आणि त्या तशाच कपाटात पडून. माझं एवढंच म्हणणं आहे की या बाहेर काढून चार जणांनी एकत्र बसून ऐकायला हव्यात.

बरेच जण म्हणतात हे संगीत आपलं नाही. मला हे अजिबात पटत नाही. चिक चॉकलेट म्हणजे आपल्या हळदोण्याचे वाझ, मुंबईत ट्रम्पेट वाजवायचे, लोक त्यांना अमेरिकेच्या जॅझ ट्रम्पेटवाल्या लुई आर्मस्ट्राँगवरून भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे, आणि १९५१ च्या ‘अलबेला’त सी. रामचंद्रांबरोबर त्यांनी काम केलं. त्यातलं ‘शोला जो भडके’ परत लावा, शब्द सोडून द्या, फक्त मागचं वाजवणं ऐका, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आणि खाली बोंगो, आणि बोंगो तर क्युबाचंच वाद्य. संगीतकार मराठी, हिरो भगवानदादा मराठी, लताबाईंचं मूळ मंगेशीचं, मग परकं काय राहिलं? आपल्याकडे चर्चच्या शाळांत पोरांना नोटेशन वाचायला शिकवायचे, व्हायोलिन शिकवायचे, म्हणून तर मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये आणि फिल्मच्या ऑर्केस्ट्रात इतके गोंयकार होते.

क्युबन ऐकायला नवीन असाल तर ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’ या अल्बमपासून सुरुवात करा, सगळे हेच सांगतात आणि बरोबरच सांगतात. १९९६ च्या मार्चमध्ये हवानात रेकॉर्ड झाला. खरं म्हणजे माली देशातले वादक आणि क्युबन वादक एकत्र वाजवणार असं ठरलं होतं, मालीवाले पोचलेच नाहीत, मग अमेरिकन गिटारवादक राय कूडर आणि क्युबाच्या हुआन दे मार्कोसने जुने जुने कलाकार जमवले, कॉम्पाय सेगुंदो तेव्हा नव्वदीला टेकलेले, इब्राहिम फेरेर गाणं सोडून बूटपॉलिश करत होते, आणि पियानोवर रुबेन गोन्झालेस. रुबेनची स्वतःची रेकॉर्ड पण त्याच दिवसांतली, मला ती मेन अल्बमपेक्षा जास्त आवडते, त्या माणसाची बोटं ऐका फक्त.

आता एकत्र का ऐकायचं ते सांगतो. सोन म्हणजे क्युबाचा एक गाण्याचा प्रकार, त्यात क्लावे म्हणून दोन लाकडी दांड्या असतात, त्यावर पाच ठोके, एका मापात (बारमध्ये) तीन आणि दुसऱ्यात दोन, आणि सगळं गाणं त्या पाच ठोक्यांवर उभं असतं, ते वाजत नसले तरी वादकांच्या डोक्यात चालू असतात. आणि बेसवाला बहुतेक वेळा पहिल्या मात्रेवर येतच नाही, आधीच येऊन मोकळा होतो. आपला कान तबल्यावर वाढलेला, तो समेची वाट बघत बसतो आणि गोंधळतो. एकाने टेबलावर ते तीन-दोन वाजवायचं, दुसऱ्याने पायाने नुसती मात्रा धरायची, मग बेस कुठे बसतो ते पाच मिनिटांत कळतं. एकट्याला हे जमायला फार वेळ जातो.

जॅझ आणि क्युबा कुठे भेटतात ते ऐकायचं तर अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीची ‘मान्तेका’, डिसेंबर १९४७ ची. कोंगा (हाताने वाजवायचा उंच क्युबन ढोल) वाजवणारा चानो पोझो हवानाचा, त्याला नोटेशन येत नव्हतं, तोंडाने गाऊन तो एकेकाचा भाग सांगायचा. वर्षभरातच न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या एका बारमध्ये त्याला गोळी घातली, तेहतीस वर्षांचा होता. तीन मिनिटांची रेकॉर्ड आहे आणि पुढचं किती संगीत त्यातून निघालं!

कोणाकडे जुन्या ७८ च्या तबकड्या असतील तर एक विनंती, बुरशी काढायला स्पिरिट अजिबात लावू नका, लाखेची तबकडी त्यात विरघळते. आणि एलपी एकावर एक आडव्या रचू नका, उभ्या ठेवा, आपल्या पावसात कव्हर दर महिन्याला उघडून वारा लागू द्या.

संपादकांना विनंती ही की रविवारच्या पुरवणीत थोडी जागा द्यावी, एका वाचकाने एका रेकॉर्डबद्दल लिहावं, त्यात नेमकं काय ऐकायचं ते सांगावं. आणि पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीने महिन्यातून एक संध्याकाळ एखादी खोली दिली तर प्लेअर आणि स्पीकर आम्ही आणू.

माझ्याकडून पहिली रेकॉर्ड जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’, १९५९ ची. तिच्या पहिल्या बाजूची तिन्ही गाणी टेप करताना मशीन थोडं हळू चालत होतं, त्यामुळे नेहमीच्या वेगाने लावल्यावर जुन्या प्रतींवर ती किंचित चढ्या सुरात वाजतात, अर्ध्या सुराइतकंही नाही पण कळतं, हे १९९२ च्या आवृत्तीत दुरुस्त केलं. माझ्याकडे दुरुस्त केलेली सीडी आहे. कोणाकडे त्याआधीची एलपी असेल तर पेपरकडे कळवा, दोन्ही एकामागून एक लावून बघू.

एक वाचक, म्हापसा