नगरसेवक साहेब, त्या खांबावरचा दिवा अजून बंद आहे

प्रति,
माननीय नगरसेवक,
आमचा वॉर्ड, शिकागो शहराचा दक्षिण भाग

सविनय नमस्कार.

हे पत्र मी तुम्हाला इंग्रजीत तीनदा पाठवलं. तिन्ही वेळा आपोआप येणारं एकच उत्तर आलं, की आपला निरोप आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. आता ते मराठीत लिहिते आहे, कारण संताप मला याच भाषेत धड मांडता येतो. शिवाय या शहराच्या आसपास राहणाऱ्या माझ्या माणसांनीही ते वाचावं असं वाटतं. तुमच्यासाठी इंग्रजी प्रत सोबत जोडते आहे.

मी मूळची नागपूरची. तुमच्या वॉर्डातल्या एका सरकारी शाळेत अकरा वर्षं गणित शिकवते. शाळेसमोरच्या बसथांब्यावर पहिल्यांदा गोळीबार झाला, तेव्हा तुम्ही आला होतात. लोकांनी निळे फुगे सोडले, मेणबत्त्या लावल्या, तुम्ही एका आजीबाईंचा हात हातात घेऊन उभे होतात. त्या संध्याकाळी तुम्ही तीन गोष्टी कबूल केल्या. थांब्याजवळच्या खांबावरचा बंद दिवा पंधरा दिवसांत लावून देतो. शाळेला पूर्णवेळ समुपदेशक देतो. उन्हाळ्यात आमच्या चाळीस मुलांना काम देतो. मी ते तिथेच, उभ्या उभ्या वहीत लिहून घेतलं. वही अजून माझ्याकडे आहे.

दिवा लागला नाही. समुपदेशक बाई आठवड्यातून एक दिवस येतात आणि त्या एका दिवसात त्यांना सहाशे मुलं बघायची असतात. उन्हाळी कामासाठी आमच्या शाळेतून सहा मुलं घेतली गेली.

आणि या फेब्रुवारीत, संध्याकाळी पावणेसहाला, त्याच थांब्यावर माझ्या नववीतल्या विद्यार्थ्याला गोळी लागली. बीजगणितात कच्चा म्हणून तो जादा तासाला थांबला होता. मी त्याच्यापासून दोन हातांवर उभी होते. अंधार इतका, की गाडी आली ती दिसली, पण आत कोण होतं ते कुणालाच दिसलं नाही. थांब्याची काच फुटून माझ्या खांद्यात घुसली, ते मला नंतर कळलं. मी गळ्यातला मफलर त्याच्या पाठीला दाबून धरला होता आणि तो मला सारखा विचारत होता, ‘मॅडम, माझे पाय कुठे आहेत?’ पाय तिथेच होते. त्याला ते जाणवत नव्हते.

तो वाचला. गोळी मणक्यात गेली. पंधरा वर्षांचा आहे.

गेल्या आठवड्यात तुमचं पत्रक घरी आलं. गुळगुळीत कागद, तुमचा फोटो आणि खाली ओळ, की शहरातले खून कमी झाले, आपला भाग सुरक्षित होतो आहे. २०२१ साली या शहरात जवळपास ८०० खून झाले आणि २०२४मध्ये तो आकडा ६००च्या खाली आला, हे मलाही माहीत आहे. आकडे शिकवण्याचाच माझा धंदा आहे. पण माझा विद्यार्थी त्या आकड्यात येतच नाही, कारण तो मेला नाही. जन्मभर खुर्चीत बसणारी मुलं कोणत्या रकान्यात मोजता, साहेब? मला तो रकाना दाखवा.

माझ्याबद्दलही लिहायला हवं, कारण मला कुणी विचारलेलंच नाही. काच काढली, सात टाके पडले. उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही, फळ्याचा वरचा अर्धा भाग कोराच राहतो. भरपाईचा अर्ज फेटाळला गेला, का तर घटना शाळेच्या वेळेनंतर आणि शाळेच्या आवाराबाहेर घडली. म्हणजे जादा तास घेतला ही माझीच चूक ठरली. रात्री दोनला जाग येते आणि ती पहाटेपर्यंत टिकते. रक्तदाबाची गोळी सुरू झाली. नवरा रोज म्हणतो, सोड ती शाळा. मागच्या मंगळवारी वर्गात एका मुलीच्या हातून स्टीलची पट्टी फरशीवर आपटली आणि बाकीची सगळी मुलं एका क्षणात बाकांखाली गेली. कुणी ओरडलं नाही, कुणी रडलं नाही. मीही टेबलाखाली होते. मग सगळे उठले आणि मी उदाहरण पुढे सोडवायला घेतलं. असं शिकवायचं आम्ही?

उपनगरातले आपले लोक मला म्हणतात, ‘तिकडे नोकरी कशाला करतेस? ती वस्तीच तशी.’ गणपतीत भेटले की म्हणतात, दिवाळीत भेटले की म्हणतात. तुम्हीही खाजगीत तेच म्हणत असाल, म्हणून दोघांनाही एकदमच उत्तर देते. वस्ती ‘तशी’ आपोआप होत नाही. माझे आजोबा ज्या वस्तीत जन्मले ती गावकुसाबाहेर होती. विहीर वेगळी, वाट वेगळी, आणि घाण मात्र सगळ्या गावाची त्यांच्या दाराशी. ते कुणी आपखुशीने तिथे राहायला गेले नव्हते. इथे हेच काम नकाशाने केलं. १९३०च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहराशहरांचे नकाशे काढले आणि जिथे काळी माणसं राहतात तो भाग लाल रंगवला. लाल भागात बँक कर्ज देईना. मग दलालांनी त्याच माणसांना दुप्पट किमतीला, हप्त्याच्या करारावर घरं विकली. हप्ता चुकला की घर गेलं, भरलेले पैसेही गेले. १९५० आणि ६०च्या दशकांत या एका शहरातल्या काळ्या कुटुंबांची अशी तीन ते चार अब्ज डॉलरची लूट झाली, असा अभ्यासकांचा हिशोब आहे. तो पैसा त्यांच्या नातवंडांच्या हातात असता तर ती माझ्या वर्गात उपाशी पोटी आली असती का?

पुढचं तर आमच्या डोळ्यांदेखतचं आहे. २०१३मध्ये या शहराने एका झटक्यात ५०च्या आसपास शाळा बंद केल्या. त्यातली बहुतेक मुलं काळी होती. ती रोज दुसऱ्या टोळीच्या हद्दीतून चालत नव्या शाळेत जाऊ लागली. दक्षिण भागात गोळी लागलेल्या मोठ्या माणसाला घेणारं सुसज्ज ट्रॉमा केंद्र १९९१पासून २०१८पर्यंत नव्हतंच. सत्तावीस वर्षं! २०१०मध्ये एक अठरा वर्षांचा तरुण कार्यकर्ता मोठ्या रुग्णालयापासून काही गल्ल्यांवर गोळी लागून पडला, त्याला तिथे न नेता मैलोगणती दूर शहराच्या मध्यभागी नेलं आणि तो गेला. त्याच्या मित्रांनी वर्षानुवर्षं रस्त्यावर बसून, अटक करून घेऊन ते केंद्र मिळवलं. ते कुणी आपण होऊन दिलेलं नाही. शहराच्या मध्यभागी स्ट्रीटरव्हिलमध्ये माणूस सरासरी नव्वद वर्षं जगतो आणि दक्षिणेकडे एंगलवूडमध्ये साठ, असं २०१९मध्ये प्रसिद्ध झालं होतं. मधलं अंतर जेमतेम नऊ-दहा मैलांचं आहे. तीस वर्षांचं आयुष्य त्या दहा मैलांत कुठे सांडतं?

आणि बंदुका काय आमच्या गल्लीत बनतात? शहराच्याच २०१७च्या अहवालाप्रमाणे गुन्ह्यांत पकडलेल्या दहापैकी सहा बंदुका राज्याबाहेरून आलेल्या होत्या, पाचातली एक तर सरहद्दीपलीकडच्या इंडियाना राज्यातून. २०२२च्या चार जुलैला हायलंड पार्क या श्रीमंत उपनगरात मिरवणुकीवर गोळीबार झाला, सात माणसं गेली. फार वाईट झालं, मीही त्या रात्री जेवले नाही. सहा महिन्यांत राज्याने तसल्या बंदुकांवर बंदी आणली. बरोबरच केलं. पण त्याच सुट्टीत खुद्द शिकागोत साठाहून जास्त लोकांना गोळ्या लागल्या होत्या, त्यांच्यासाठी विधिमंडळात कोण उभं राहिलं? मेलेला गोरा असेल तर या शहरात निम्म्याच्या आसपास खुनांचा छडा लागतो, काळा असेल तर पाचातल्या एकाचा, असं २०१९मध्ये इथल्या पत्रकारांनी पोलिसांच्याच नोंदींवरून दाखवलं. गोळी झाडणारा पोरगा दोषी आहेच, मी त्याची बाजू घेत नाही. पण पकडलं जाणार नाही हे त्याला कुणी शिकवलं?

माझ्या माणसांनो, तुम्हाला एवढंच विचारते. १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना. त्या मुक्त झालेल्या माणसांची मुलं-नातवंडं उत्तरेला आली, त्यांचेच वंशज माझ्या वर्गात बसतात. दलित पँथरने नाव घेतलं ते यांच्याच ब्लॅक पँथरवरून. नाव घेताना ती आपली आणि घर घेताना ती ‘तशी वस्ती’, हे कसं जमतं तुम्हाला?

साहेब, मागण्या जुन्याच आहेत. दिवा, समुपदेशक, उन्हाळ्याचं काम. काम देण्याला भीक समजू नका. याच शहरात झालेल्या प्रयोगात आठ आठवड्यांच्या उन्हाळी कामानंतर मुलांची हिंसक गुन्ह्यांतली अटक चाळीस टक्क्यांहून जास्त घटली होती. ते २०१४मध्ये छापूनही आलं. तुमच्या कार्यालयात कुणीतरी वाचलं असेलच.

एक मागणी नवी आहे. पुढच्या महिन्यात माझ्या विद्यार्थ्याला घरी सोडणार आहेत. घर दुसऱ्या मजल्यावर, जिना बाहेरून, लाकडी, अठरा पायऱ्यांचा. मी मोजून आले. त्याच्या आईला तळमजल्यावरची जागा हवी आहे आणि त्यासाठी तुमच्या सहीचं पत्र लागतं, असं तिला सांगितलं गेलं. तिने तुमच्या कार्यालयात तीनदा फोन केला. ती रात्रपाळी करते, त्यामुळे पुढचा फोन सकाळी आठला येईल. तेव्हा कार्यालय उघडलेलं नसतं. त्या दिवशी कुणाला तरी लवकर बोलवा.

आपली,
नववीची गणिताची शिक्षिका